अडीच फुलपात्रं पाणी

आक्का कामाच्या दिवशी अडीच फुलपात्रं पाणी प्यायची. सकाळी घरून निघताना अर्धं, संध्याकाळी घरी पोचल्यावर एक आणि जेवण झाल्यावर एक. मधल्या अकरा तासांत काही नाही. मे महिना असो, अंगात कणकण असो, हा नेम मोडत नसे. पंचवीस वर्षं तिने तो पाळला होता आणि तिच्या हाताखालच्या तीस बायकांकडूनही पाळून घेतला होता.

तुर्भ्याच्या पलीकडे, कारखान्यांच्या आतल्या रस्त्यावर मसाल्याचं एक खासगी गोदाम होतं. तिथे ती बायकांवरची मुकादम होती. बायका पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने बसून मिरच्यांची देठं खुडायच्या, धने निवडायच्या, हळकुंडं वेगळी करायच्या. मी त्याच गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. बी.कॉम. नुकतंच झालेलं, पहिली नोकरी. कोपरखैरण्याहून रिक्षा बदलत जायची. माझ्या टेबलाशेजारी एसी होता आणि खिडकीच्या काचेतून समोर पूर्ण शेड दिसायची. आक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या काचेतून. काटकुळी, उंच, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. रांगेतून चालत होती आणि एकेका बाईची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवून बघत होती. मला वाटलं, दात तपासते की काय.

ती ओठ तपासत होती.

"तू प्यालीस," ती एकीला म्हणाली. "व्हट वलं दिसत्यात."

"घोटभर गं आक्का. घसा सुकला होता."

"सुकू दे. दुपारच्याला रडत येऊ नगंस माझ्याकडं."

कामावर येताना कोणी पाण्याची बाटली आणली तर आक्का ती काढून घेई आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवी. सहाला सुट्टी झाली की बाटली परत. त्याबदल्यात सकाळीच ती प्रत्येकीच्या हातावर एक लवंग ठेवायची. जिभेखाली धरायची, चावायची नाही, तोंडाला पाणी सुटत राहतं. जिला लवंग तिखट लागे तिला चिंचोका. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला शेजारी बसवून आक्का एकच शिकवण द्यायची, आणि ती मी काचेतून नाही, पुढे स्वतःच्या कानांनी अनेकदा ऐकली.

"तान मरती गं. दोन घंटं कळ काढली की आपसूक मरती. मुताचं तसं न्हाय. त्ये वाढतच जातं."

मला ती बाई क्रूर वाटली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि आरोग्यावरचं काहीबाही वाचायची मला हौस होती. टेबलावर माझी एक लिटरची निळी बाटली असे. दुपारपर्यंत ती संपवायची, मग पुन्हा भरायची. त्वचा, केस, किडनी, सगळं पाण्यावर असतं हे मला पाठ होतं. एका शनिवारी मी ऑफिसच्या प्रिंटरवर एक कागद छापला. वर ग्लासाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'रोज आठ ग्लास पाणी प्या, निरोगी राहा.' तो शेडच्या खांबावर चिकटवला आणि मनात म्हटलं, आता बघू.

आक्काला वाचता येत नव्हतं. तिने एका मुलीकडून तो वाचून घेतला आणि सरळ ऑफिसच्या दारात आली.

"त्यो कागूद तू लावलास?"

"हो. आक्का, तुम्ही या बायकांना पाणी पिऊ देत नाही ते चुकीचं आहे. आजारी पडतील त्या."

"किती म्हनलीस? आठ?"

"निदान आठ. एवढ्या गरमीत जास्तच."

तिने माझं मनगट धरलं. हात मिरचीने लाल झालेला आणि सालपटासारखा कोरडा. ओढतच तिने मला शेडच्या मागे नेलं. दीड महिना मी तिथे काम करत होते, पण त्या बाजूला कधी गेले नव्हते. तीन बाजूंना छातीएवढ्या विटांच्या भिंती होत्या. चौथी बाजू उघडी, तिला दार कधी लावलेलंच नसावं. वर छप्पर नाही. शेजारी एक पिंप, त्यात तळाला शेवाळ. समोर दहा पावलांवर ट्रक उभे राहायचे. एक ड्रायव्हर तिथेच टायरवर पाय ठेवून दात घासत होता. आम्हाला बघून त्याने मान वळवली नाही.

"बस," आक्का म्हणाली.

"काय?"

"बस म्हनते न्हवं. कापडं सावर आन् बस."

मी ओढणी धरून नुसती उभी राहिले. ड्रायव्हरने चूळ भरली आणि परत आमच्याकडे पाहिलं.

"आता सांग," आक्का म्हणाली, "किती पेलं पिऊ?"

मी आत आले आणि तो कागद काढून टाकला. त्या दिवशी घरी आईला सांगताना मला रडू आलं. पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आईला सांगितली नव्हती. ऑफिसात एक संडास होता. टाइल्सचा, आतून कडी असलेला, नळाला पाणी असलेला, माझ्या टेबलापासून चार पावलांवर. त्याला कुलूप असे आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. पहिल्याच दिवशी मॅनेजरने ती माझ्याकडे देताना बजावलं होतं, "ही फक्त स्टाफसाठी. बायकांना दिलीस ना, तर दिवसभर लाइन लागेल. मग काम कोण करणार?" माणूस तसा वाईट नव्हता. सगळ्यांशी हसून बोलायचा, गणपतीत प्रत्येकीच्या घरी मोदक पाठवायचा. मी मान हलवली होती.

त्या दिवसानंतर मी एकदा धीर करून आक्काला बाजूला घेतलं. म्हटलं, "तुम्ही माझ्याकडची किल्ली घेत जा. कोणाला कळणार नाही."

"मला एकलीला?"

"हो."

"नगं," ती म्हणाली आणि रांगेकडे निघून गेली. मी सुटले. सुटल्यासारखं वाटलं याची लाज मला बऱ्याच उशिरा वाटली.

आक्का राहायची बोनकोड्यात, एका तीन मजली घराच्या तळाच्या खोलीत. माझ्या घरापासून ते चालत दहा मिनिटांवर. एका रविवारी काही कागदांवर तिचा अंगठा हवा होता म्हणून मॅनेजरने मला तिच्याकडे पाठवलं. गेले तर ही बाई उंबऱ्यात पाय पसरून बसलेली. शेजारी पितळी कळशी, मांडीवर तांब्या. तांब्यातून फुलपात्रात ओतायची आणि हळूहळू, डोळे मिटून, चहा पितात तसं प्यायची. संपलं की परत ओतायची.

"ये. बस. पानी पी."

"आक्का, तुम्ही? एवढं पाणी?"

"आज आयतवार हाय न्हवं. आज घर हाय, मोरी हाय, मोरीला दार हाय."

तिने मला एक फुलपात्र दिलं आणि मी प्यायले तसं विचारलं, "कसलं हाय?" मला कळेना. पाणी पाण्यासारखं होतं. ती म्हणाली, हे आज सकाळी आलेलं नळाचं. काल टाकीतलं होतं, त्याला लोखंडाची चव होती. गेल्या उन्हाळ्यात टँकर आला होता, त्याचं पाणी खाऱ्या अंगाचं. गोदामाच्या कूलरचं पाणी तिने आयुष्यात दोनदा चाखलं होतं, दोन्ही वेळा ते तिला प्लास्टिकसारखं लागलं. सगळ्यात गोड पाणी तिच्या माहेरच्या विहिरीचं. माणमधलं गाव, कायम कोरडं. चैतात विहिरीचा तळ उघडा पडला की मोठी माणसं लहान पोरींना कंबरेला दोर बांधून खाली सोडायची. झऱ्यापाशी बसून वाटीने पाणी गोळा करायचं, घागर भरली की हाक मारायची. आठ वर्षांची असल्यापासून आक्का खाली उतरत होती.

"खाली गार असायचं," ती म्हणाली. "वरती डोसक्यांची रांग दिसायची, वाकल्याली. घागर भरंस्तवर कुनी वर वढायचं न्हाय. म्या वाटीतलं एक घोट प्यायची, चोरून. तसलं पानी परत न्हाय घावलं."

लग्न होऊन ती इकडे आली. नवरा बाजारात पोती उचलायचा, तो पाठीच्या दुखण्याने लवकर गेला. मूल नव्हतं. गावाकडे एक भाचा होता, तो दिवाळीला फोन करायचा. एवढंच तिने स्वतःबद्दल सांगितलं, तेही पाणी पितापिता. संध्याकाळपर्यंत ती कळशी रिकामी करणार होती. पाण्याची एवढी वेडी बाई मी आजवर पाहिलेली नाही. आणि तिनेच सहा दिवस तीस बायकांच्या तोंडावर पहारा ठेवायचा.

सविता त्या वर्षी होळीनंतर कामाला आली. जालन्याकडची, बावीस-तेवीस वर्षांची, घरी चार महिन्यांची मुलगी सासूजवळ ठेवून यायची. अंगावर पाजणारी बाई. आक्काने तिला दोन दिवस बघितलं, मग दुपारी एक फुलपात्र प्यायची सूट दिली. अशी सूट तिने आधी कोणाला दिली नव्हती. पण सविता ते प्यायची नाही. तिला मागे जायची भीती वाटायची. एकदा ती तिथे बसली असताना कोणी तरी मोबाइल वर धरला होता म्हणे. त्यानंतर तिने सकाळचा चहासुद्धा सोडला. दूध कमी झालं, बाळ रात्रभर रडायचं, आणि ही सकाळी तोंड धुऊन रांगेत हजर. ताप येत होता, लघवीला आग होत होती, पाठीत कळा येत होत्या. त्यातलं तिने कोणालाच काही सांगितलं नाही. ओठ कोरडे असत, त्यामुळे आक्काच्या तपासणीत ती रोज पास होई.

मेच्या मधोमध एका दुपारी मी काचेतून पाहिलं, रांगेतली एक बाई पुढे वाकली आणि मिरच्यांच्या ढिगात तोंडावर पडली. मला वाटलं, तिचं काही सांडलं, ते शोधतेय. पण ती उठली नाही.

आक्काने तिला उचललं. एकटीने. डोळ्यांत-नाकात मिरची गेलेली, अंग तापाने फणफणलेलं, दातखीळ. तिच्या तोंडावर मारायला बायका पाणी शोधत होत्या, कूलर लांब फाटकाजवळ, आणि सगळ्या बाटल्या आक्काच्या पेटीत, कुलपात होत्या. कमरेची किल्ली आक्काला चटकन कुलपात बसवता येईना. ते मी पाहिलं.

दवाखान्यात मीही गेले, रिक्षात सविताचे पाय मांडीवर घेऊन. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तपासून बाहेर आली तेव्हा चिडलेली होती.

"इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढलंय. त्यात अंगात पाणी म्हणून नाही. लहान बाळ आहे ना हिला? दिवसाला पाणी किती पिते ही?"

सविताच्या नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. मी खाली बघितलं. आक्का पुढे झाली.

"न्हाय पीत. म्या पिऊ दिलं न्हाय."

"तुम्ही कोण? सासू?"

"मुकादम."

"पाणी पिऊ दिलं नाही म्हणजे? जनावरालासुद्धा पाणी दाखवतात हो!"

आक्काने कारण सांगितलं नाही. भिंतीबद्दल, ड्रायव्हरबद्दल एक शब्द नाही. डॉक्टरने पाच मिनिटं सुनावलं आणि ती पदर दोन्ही हातांत धरून ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "जगंल का?"

सविता जगली. अकरा दिवस सलाइनवर होती. पण दूध गेलं ते गेलंच.

सविता पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने शेडमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं, "बाहेर कूलर आहे, थंड पाणी आहे. प्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. उगाच कंपनीच्या नावाने टेन्शन नको." बायकांनी आक्काकडे पाहिलं. आक्का जमिनीकडे बघत होती. पुढचे तीन दिवस तिने फक्त बाटल्या जमा केल्या. ओठ तपासले नाहीत, लवंगा वाटल्या नाहीत.

सोमवारी सकाळी तिने पेटी उघडली आणि त्या सकाळी जमा केलेल्या बाटल्या जिच्या तिला देऊन टाकल्या. मग कूलरवरून तांब्या भरून घेतला आणि ऑफिसात येऊन मॅनेजरच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली. दहा वाजायला आले होते.

"काय आक्का? काय पाहिजे?" मॅनेजर हसून म्हणाला.

"काय न्हाय साहेब. तान लागलीया." तिने फुलपात्र भरलं आणि प्याली.

"मग बाहेर पी ना."

"हितं गार वाटतंय."

दुसरं भरलं. मग तिसरं. मॅनेजर फोनवर बोलत होता, तो तिच्याकडे बघून मान हलवून हसला. चौथ्या वेळी तो हसला नाही.

"आक्का, काय नाटक आहे हे?"

"तुमीच म्हनला हुता न्हवं, प्याचं का न्हाय ह्यो ज्येचा त्येचा प्रश्न. म्या पिनार. आन् लागली म्हंजी मागं जानार न्हाय. हितंच बसनार, ह्या फरशीवर. पंचीस वर्सं दाबून धरली, आता न्हाय धरायची."

ऑफिसात तेव्हा मॅनेजर, स्टॉकचा माणूस, एक शिपाई आणि मी. तीन पुरुष आणि आम्ही दोघी. काचेतून दिसत होतं, शेडमधले हात थांबले होते. तीस बायका मिरच्यांसमोर बसून ऑफिसकडे बघत होत्या. मॅनेजरने शेठना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. बारा वाजता बाहेरची पार्टी माल बघायला येणार होती. तो आधी तिला समजावू लागला, मग ओरडला, मग शिपायाला म्हणाला, हिला बाहेर काढ. शिपाई जागचा हलला नाही. त्याची आई आक्काच्या रांगेत होती.

सहावं फुलपात्र. सातवं. आता ती प्यायची थांबून थांबून. मांडी सोडून पाय दुमडून घेतले होते. कपाळावर घाम, खालचा ओठ दातात. जी बाई पंचवीस वर्षं कोणाला कळू न देता उठली-बसली, ती आज तीन परक्या पुरुषांसमोर, एसीच्या गारव्यात, अंग चोरून थरथरत बसली होती. तिचे डोळे भरून आले. ती दुखण्याने रडत नव्हती, लाजेने रडत होती. पण उठत नव्हती.

किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. आक्काला ते माहीत होतं. एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

साडेअकराच्या सुमारास मी ड्रॉवर उघडला. "ए, बस खाली!" मॅनेजर म्हणाला. चार पावलं चालले, कुलूप उघडलं, दार सताड ढकललं आणि परत येऊन आक्काला काखेत हात घालून उठवलं. तिला सरळ उभं राहता येत नव्हतं.

"दीड तास लावलास पोरी," ती म्हणाली. बाकी काही नाही.

बाहेर आल्यावर तिने तोंड धुतलं, पदराने पुसलं. दाराला लटकत असलेलं कुलूप काढून घेतलं आणि शेडच्या दिशेने हाक दिली, "एकेक या गं." रांग लागली. पार्टी आली तेव्हाही ती रांग चालूच होती. मॅनेजर पार्टीला म्हणाला, "आज जरा हेल्थचा कार्यक्रम आहे." कुलूप आक्काने पेटीत टाकलं. ते परत कोणी मागितलं नाही.

शेठ तीन दिवसांनी आले, शेडच्या मागे जाऊन उभे राहिले आणि रुमाल नाकाला लावून परत फिरले. पावसाळ्याआधी तिथे दोन पक्के संडास बांधून झाले. दारांना आतून कड्या. दिवाळीत मला सांगण्यात आलं की आता कॉम्प्युटरचं काम दुसरीकडून होणार आहे. मला बेलापूरला एका वकिलाकडे नोकरी मिळाली आणि गोदाम सुटलं.

आक्काची भेट मात्र सुटली नाही. रविवारी कधीमधी मी बोनकोड्याला चक्कर टाकायची. मग लग्न झालं, मुलगा झाला, चकरा विरळ झाल्या. चारेक वर्षांनी सविताचा फोन आला. ती आता आक्काच्या जागी मुकादम झाली होती. म्हणाली, "ताई, आक्काचे पाय लई सुजलेत. डाक्टर म्हनतो दोन्ही किडन्या गेल्या."

मी डॉक्टरांना विचारलं, पंचवीस वर्षं पाणी न प्यायल्यामुळे झालं का? ते म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही. बीपी होतं, ते कधी मोजलं नव्हतं. पाठदुखीसाठी वर्षानुवर्षं दुकानातून आणून खाल्लेल्या गोळ्या होत्या. त्यात पाणी कमी. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि पाणी मोजून, चहा-आमटी सगळं धरून दिवसाला अर्ध्या लिटरच्या थोडं वर. त्याहून जास्त गेलं तर शरीर ते बाहेर टाकू शकत नाही, छातीत साठतं.

हे तिला कसं सांगायचं याचा मी विचार करत होते. ती स्वतःच म्हणाली, "सांगितलं मला डागतरनं. जलमभर कुनी इचारलं न्हाय, किती पितीस. आता मापून देत्यात." क्षणभर हसली, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रविवारची कळशी तिने सविताला देऊन टाकली. घरात डोळ्यांसमोर नको म्हणाली.

डायलिसिसला तिच्या शेजारच्या खाटेवर बेलापूरच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ असत. शिकलेले, मोठ्या पगाराचे. त्यांना तहान सोसत नसे. घरी चोरून पाणी प्यायचे आणि दर खेपेला अंगात धाप घेऊन यायचे. सिस्टर ओरडायची, बायको रडायची. आक्काने एक दिवस त्यांना लवंग दिली. जिभेखाली धरायची, चावायची नाही. गुळण्या करून थुंकायचं कसं, बर्फाचा एक खडा अर्धा तास पुरवायचा कसा, तहान लागली की हातांना काम कसं द्यायचं, सगळं शिकवलं. महिनाभरात त्या खोलीतले सहाही जण तिचं ऐकू लागले. ती खाटेवरून ओठ बघायची. "दादा, तुमी प्यालाव." ते गृहस्थ लहान मुलासारखे ओशाळायचे.

स्वतःच्या वाट्याचं पाणी ती दिवसभर राखून ठेवायची. कशासाठी, तर संध्याकाळी कोणी भेटायला आलं तर त्याच्याबरोबर चहा घेता यावा म्हणून. "पावना एकला च्या प्याला तर त्येला गोड लागत न्हाय," असं तिचं म्हणणं. मी गेले की अर्धा कप चहा व्हायचा. त्या चहासाठी ती सकाळपासून कोरडी असायची, हे मला सविताने सांगितलं. मग मी चहाच्या वेळेला जायचं टाळू लागले. तर म्हणाली, "का गं, दुपारचीच येतीस? माझ्यासंगट च्या नगं व्हय?"

एकदा तिच्या हातातून त्या यंत्राकडे रक्त जात होतं आणि आम्ही दोघीच बोलत होतो. मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी किल्ली माझ्याजवळ होती. दीड तास मी नुसती बसले."

"ठावं हाय."

"तुम्ही मागितली का नाही? एकदा माझ्याकडे बघितलं असतं तरी दिली असती."



"मागून घेतल्याली किल्ली सांच्याला परत द्यावी लागती," ती म्हणाली. मग माझा हात थोपटला. "आन् तू लहान हुतीस. तुला नुकरी हुती. दिलीस न्हवं शेवटी."

तीन वर्षं ती अशी जगली. डॉक्टरांना नवल वाटायचं. शेवटच्या पावसाळ्यात एका खेपेनंतर तिचा दाब खाली गेला तो वर आलाच नाही. भाच्याला कळवलं, तो साताऱ्याहून निघाला होता. पलंगाजवळ सविता आणि मी. दुपारचे तीन वाजले असतील. आक्काचे ओठ हलत होते. सविताने कापसाचा बोळा भिजवला आणि सवयीने सिस्टरकडे बघितलं, किती चालेल म्हणून. सिस्टर कागद बाजूला ठेवून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "घाला ताई. आता मोजू नका."

सविताने चमचा चमचा पाणी घातलं. दोन-तीन चमचे आत गेले, मग ओघळून मानेवर येऊ लागलं. मी पदराने पुसत होते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला कोपरखैरण्याच्या स्मशानात आम्ही जेमतेम दहा-बाराजण होतो. भाचा, त्याचे दोन मित्र, बोनकोड्याचे घरमालक, बेलापूरचे ते गृहस्थ आणि त्यांची बायको. भाचा म्हणाला, फार कोणी नव्हतंच मावशीला. सरण रचून झालं होतं. तेवढ्यात फाटकात गोदामाचा टेम्पो येऊन थांबला आणि मागचं फळकूट खाली पडलं. जेवणाच्या सुट्टीत जेवायचं सोडून बायका आल्या होत्या. सगळ्या, कामाच्या कपड्यांतच. डोक्याला फडकी बांधलेली, हात लाल. एवढ्या बायकांनी आत यायची पद्धत नाही असं कोणीतरी पुटपुटलं, पण त्यांना अडवायला कोणी पुढे आलं नाही. त्या सरणाभोवती गोल करून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लुगड्यांवरून मिरचीची धूळ उडाली. भाच्याला ठसका लागला. मग घरमालकांना, मग मंत्र म्हणणाऱ्या गुरुजींना. गुरुजी थांबून थांबून म्हणत होते, सगळे खोकत होते, डोळे पुसत होते. बायकांना मात्र सवय होती. त्यांना मिरची लागत नव्हती. त्या नुसत्या रडत होत्या.

दीडला त्यांना परत कामावर बसायचं होतं. सव्वा वाजता सविताने हात केला आणि त्या एकमेकींना वर ओढून घेत टेम्पोत चढल्या.